जन्मतारीख आणि तबला

मराठी भाषेतले सर्वांत निर्दय दोन शब्द कोणते, असं कुणी विचारलं तर मी 'थकबाकी' आणि 'जप्ती' असं सांगणार नाही. ते आमच्या पोटापाण्याचे शब्द आहेत, त्यांच्याविषयी वाकडं बोलणं बरं नव्हे. निर्दय दोन शब्द म्हणजे 'या वयात?' प्रश्नचिन्हासकट. हे प्रश्नचिन्ह तोंडात नसतं, बोलणाऱ्याच्या भुवईत असतं.

या वयात माणसानं काय काय करावं याची यादी समाजाकडे छापून तयार आहे. ब्लडप्रेशरची गोळी घ्यावी. गावाबाहेर प्लॉट घ्यावा आणि दर रविवारी तो जागेवर आहे की नाही ते पाहून यावं. भाच्याच्या लग्नात पंगतीकडे लक्ष द्यावं. राजकारणात पडायचं असेल तर या वयात माणूस तिथे 'युवा नेता' म्हणून खपतो, त्याला कुणी वय विचारत नाही. पण सेहेचाळिसाव्या वर्षी बँकेतल्या एका क्लार्कनं तबला-डग्गा विकत आणला, की जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटरच्या पट्ट्यात जेवढे नातेवाईक आहेत तेवढ्यांच्या भुवया एकदम वर जातात. (आम्हाला आता क्लार्क म्हणत नाहीत, 'ग्राहकसेवा सहयोगी' म्हणतात. टेबल, खुर्ची आणि ग्राहक पूर्वीचेच आहेत.)

हा लेख त्या भुवयांच्या विरोधात आहे. ज्यांना समतोल विवेचन हवं असेल त्यांनी पुढचा लेख उघडावा.

पहिला आक्षेप नेहमी थोरामोठ्यांच्या नावानं येतो. "अहो, झाकीर हुसेनच्या कानात जन्मल्याबरोबर वडिलांनी तबल्याचे बोल म्हटले होते!" म्हटले होते, खुद्द झाकीरभाईच ही हकीकत सांगत. १५ डिसेंबर २०२४ ला ते गेले तेव्हा आमच्या शाखेत ती दिवसभरात पाच जणांनी मला ऐकवली आणि पाचही जणांनी शेवटी माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं. जणू माझ्या वडिलांनी माझ्या कानात जन्मतःच व्याजाचे दर सांगितले होते. पण ते बोल ज्यांनी म्हटले त्या अल्लारखाँचं काय? ते १९१९ साली जम्मूजवळ फगवालला जन्मले. घरात गाण्याबजावण्याची परंपरा नव्हती. बारा वर्षांचे असताना तबल्याच्या नादानं घर सोडून निघाले आणि पुढे पंजाब घराण्याच्या मियाँ कादिरबक्षांचे शिष्य झाले. कानात बोल पडायला त्यांना बारा वर्षं थांबावं लागलं. घराणेदार हिशेबानं बारा वर्षं म्हणजे उशीरच. तेव्हाही फगवालच्या चावडीवर कुणीतरी 'या वयात?' म्हटलंच असणार. बारा वर्षांचा मुलगा गुरं राखायच्या वयाचा, तबल्याच्या नव्हे.

आणि मुळात झाकीर हुसेन व्हायचंय कुणाला? सकाळी पोहायला जाणाऱ्या माणसाला कुणी विचारतं का, "इंग्लिश खाडी कधी ओलांडणार?" घरी बॅडमिंटनची रॅकेट आणली तर कुणी प्रकाश पदुकोणांचं नाव काढत नाही. एकट्या संगीताच्या बाबतीत आपण असा कायदा केला आहे की एक तर उस्ताद व्हा, नाहीतर मुकाट्यानं टाळ्या वाजवा. आणि त्याही इतरांच्या पाठोपाठ. मी मागतोय तो हक्क साधा आहे. मला तिसऱ्या दर्जाचा तबला वाजवण्याचा हक्क पाहिजे. पुढेमागे परिस्थिती सुधारली तर दुसऱ्या दर्जाचा अर्ज मी वेगळा करीन.

या बाबतीत माझ्या बाजूचा सर्वांत जुना साक्षीदार अथेन्सचा आहे. सॉक्रेटिस म्हातारपणी कॉनस नावाच्या मास्तरांकडे तंतुवाद्य शिकायला जात असे. वर्गात बाकी सगळी पोरं. ती त्याला हसत, आणि त्याच्या पायी मास्तरांनाही 'म्हाताऱ्यांचा मास्तर' म्हणत. प्लेटोच्या 'युथिडेमस' या संवादात हे सॉक्रेटिस स्वतःच सांगतो. म्हणजे चोवीसशे वर्षांपूर्वी संगीताच्या क्लासात जी परिस्थिती होती तीच आज आमच्या कॉलनीतल्या क्लासात आहे. फरक एवढाच, की सॉक्रेटिसला फॉर्म भरावा लागला नव्हता.

मला भरावा लागला. क्लासच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या ताईंनी माझ्या मागे वाकून पाहिलं आणि विचारलं, "मुलगा कुठाय?" मी म्हटलं, "मीच तो मुलगा." फॉर्मवर 'पालकाची सही' असा रकाना होता. वडील हयात नाहीत. शेवटी सौ.नं सही केली आणि 'पाल्याशी नातं' यापुढे 'पत्नी' असं लिहिलं. आमच्या संसाराची खरी परिस्थिती कागदावर आली ती त्या दिवशी. त्याखालचा रकाना: 'कोणत्या परीक्षेसाठी?' मी तो कोरा ठेवला. ताईंनी तो बोटानं दाखवला. मी म्हटलं, "परीक्षा नाही द्यायची. वाजवायचंय." त्या उठून आत गेल्या आणि गुरुजींना घेऊन आल्या. बँकेत सही न जुळणारा चेक आला की आम्हीही असंच साहेबांना घेऊन येतो.

आता मी खऱ्या भांडणाकडे येतो. परीक्षांशी माझं वैर नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पैसे भरून, नाव घालून, कुणाही घरच्या पोरानं समोर बसून शिकावं, उस्तादांच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, हा त्यामागचा मोठा विचार होता. पुढे १९३१ साली अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ झालं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी शिडी लागली आणि गावोगाव गाणं पोचलं. पोचलं ते चांगलंच झालं. पण शिडी कशासाठी लावली होती ते विसरून लोक आता नुसत्या पायऱ्या मोजताहेत. शास्त्रीय कलेच्या परीक्षा दिल्या तर दहावीला वाढीव गुण मिळतात, हे सरकारनं जाहीर केल्यापासून तर आयांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या क्लासच्या ओट्यावर मावेनात. आत पोरगं 'धा धा तिट' वाजवतं आणि बाहेर आई मोबाइलवर टक्केवारी काढते. दहावीचा निकाल लागला की तबला माळ्यावर. जळगाव-धुळ्याच्या माळ्यांवर आज जेवढे तबले झोपले असतील तेवढे मिरजेच्या दुकानांतसुद्धा नसतील.

मी गुरुजींना हे आमच्या भाषेत समजावून सांगितलं. म्हटलं, "गुरुजी, ही मुलं म्हणजे तुमच्या मुदत ठेवी. दहावीला मॅच्युअर होणार, पालक रक्कम काढून निघून जाणार. मी रिकरिंग डिपॉझिट आहे. दरमहा थोडंथोडं भरीन, पण हलणार नाही." गुरुजी म्हणाले, "भाऊसाहेब, तुमचा हात आता बसायचा नाही." हात बसणे हा तबल्यातला शब्द आहे. तो ऐकल्याबरोबर माझा पायच आधी बसला होता. अर्धा तास मांडी घातल्यामुळे त्याला मुंग्या आल्या होत्या.

हात बसत नाही म्हणजे काय, तेही सांगतो. कारण 'या वयात?' म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी तबल्याला कधी बोट लावलेलं नसतं. उजव्या हाताचा तो तबला, डाव्याचा तो डग्गा. तबल्याचं खोड शिसवी, डग्गा तांब्याचा नाहीतर पितळेचा. वर बकऱ्याच्या कातड्याची पुडी, कडेला गजरा, खाली वाद्या आणि वाद्यांमध्ये लाकडी गठ्ठे. पुडीच्या मधला काळा वाटोळा भाग म्हणजे शाई. ती लोहकीस आणि खळ यांचे थरावर थर घासून केलेली असते. कडेची ती चाट. अनामिका शाईच्या काठावर अलगद टेकवायची आणि तर्जनीनं चाटेवर आघात करायचा, की 'ना' वाजतो. असं पुस्तकात लिहिलंय. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे 'ना' ऐवजी 'टक' वाजतं. दारावर कुणी आलं असं वाटून सौ. दोनदा उठली. अनामिका दाबली तर आवाज मरतो, उचलली तर भरकटतो. म्हणजे एका बोटानं काम करायचं आणि शेजारच्या बोटानं नुसतं हजर राहायचं. सरकारमान्य बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला हे तंत्र नवीन नाही. पण बोटांना ते वेगळं शिकवावं लागतं.

आता मोठ्या माणसाची खरी अडचण. मनगट ताठ झालेलं असतं, गुडघा कुरकुरतो आणि वेळ नसतो. या तीन गोष्टी खऱ्या आहेत, त्या मी मान्य करतो. पण यांतली एकही 'वय झालं' या सदरात जात नाही. सतरंजीची चौघडी करून तिच्यावर बसलं की गुडघ्याचं निम्मं दुखणं जातं. तेही जमत नसेल तर खुर्चीवर बसून समोरच्या टेबलावर तबला ठेवावा. मांडी घातल्याशिवाय तबला वाजत नाही हा आणखी एक फुकटचा धर्म. कातड्याला कुठे कळतं, वाजवणारा कशावर बसलाय ते? वेळेचं म्हणाल, तर रविवारी दोन तास बडवण्यापेक्षा रोज वीस मिनिटं हळू लयीत वाजवलं तर हात लवकर वळतो. आणि वाजवण्याच्या आधी बोल तोंडानं म्हणायचे, हातानं टाळी-खाली दाखवायची. त्याला पढंत म्हणतात. पढंतीला तबला लागत नाही, खोली लागत नाही, मांडी तर नाहीच.

माझी बरीचशी पढंत एस.टी.त झाली. धुळ्याच्या शाखेत बदली असताना मी आठवड्याला जळगावला येत असे. पारोळा, एरंडोल हे थांबे आणि मधे तीनताल. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा, चार विभाग. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी, नवव्या मात्रेवर खाली. हे तोंडातल्या तोंडात चालू ठेवलं की एक फायदा होतो: शेजारचा प्रवासी एरंडोलच्या आत जागा बदलतो आणि खिडकी मिळते.

मोठ्या माणसाजवळ मुलांकडे नसलेलं काही असतं की नाही? असतं. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. जमा मांडल्याशिवाय नावे मांडत नाही. पहिली जमा म्हणजे कंटाळा सोसायची ताकद. दहा वर्षांच्या पोराला 'तिट' पन्नास वेळा वाजवायला सांगितलं तर अकराव्याला त्याला पाणी प्यायचं असतं. मी आयुष्यभर शंभरशंभराची पाकिटं मोजली आहेत. मोजायची मशिनं आली तरी बोटांना सवय आहे. शंभर वेळा तेच करताना मधेच एक नोट दुमडलेली आहे हे बोटाला कळतं. तसंच शंभर वेळा 'तिट' वाजवताना एक कच्चा पडला तर कानाला कळतं. दुसरी जमा म्हणजे सम. सोळा मात्रांचा फेरा फिरून पहिल्या 'धा'वर नेमकं येणं म्हणजे काय, हे पोरांना समजावून सांगावं लागतं. ज्यानं संध्याकाळी सात वाजता कॅश जुळल्याचा आनंद घेतला आहे त्याला सांगावं लागत नाही.

पण याहून मोठा पुरावा माझ्या मामांच्या घरी आहे. साक्री तालुक्यात राहतात. माझा तबला पाहून तेही म्हणाले, "या वयमा कसाले रे भो?" हेच मामा गावच्या भजनी मंडळात ढोलकीवर असतात आणि ढोलकीला त्यांनी पहिल्यांदा हात लावला तो पस्तिशी उलटल्यावर! मी हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "ते मी शिकनू नही. येई गयं."

येई गयं! या दोन शब्दांवर मी आठवडाभर विचार केला. खान्देशात गावोगाव असंच 'येत' असे. दिवसभर कापसात नाहीतर ज्वारीत राबलेला माणूस रात्री देवळात भजनाला बसे. पहिली दोन वर्षं हातात टाळ. मग एका रात्री ढोलकीवाला कुठे सोयरिकीला गेलेला असे. कुणीतरी ढोलकी याच्या पुढ्यात सरकवी. वाईट वाजे. कुणी वय विचारत नसे, फॉर्म नसे, दुसऱ्या रात्री जरा बरं वाजे. डफावरची वही गाणारे असेच तयार झाले. जळगावला कार्तिकी एकादशीला श्रीरामाचा रथ १८७२ पासून निघतो आहे. अशा रथांपुढे, पालख्यांपुढे पिढ्यान्‌पिढ्या जे वाजवत आले त्यांतल्या कितीजणांकडे प्रवेशिका पूर्णचं सर्टिफिकेट होतं? जिथे वाईट वाजवणारे पुष्कळ, तिथे चांगला वाजवणारा निपजतो, आणि मुख्य म्हणजे तो चांगला आहे हे ओळखणारे समोर बसलेले असतात.

इथे माझं खरं दुखणं आहे. याच जळगावात लहानग्या नारायण राजहंसांना मेहबूबखाँनी गाण्याचे पहिले धडे दिले, ज्यांना पुढे जगानं बालगंधर्व म्हटलं. त्यांच्या नाटक मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता. त्यांच्या नावानं आजही जळगावात संगीत महोत्सव होतो, थोर कलावंत येतात. मी जातो आणि स्टेजपेक्षा प्रेक्षकांकडे जास्त पाहतो. तबलजीनं तिहाई घेतली की समेवर नेमकी मान हलवणारी डोकी मोजतो. मोजायची सवयच आहे. ती डोकी पांढरी आहेत. आणि मध्यंतरात चहाच्या रांगेत त्यांतल्या एकेकाला विचारलं की कळतं: कुणी तरुणपणी पेटी बडवली होती, कुणी मेळ्यात ढोलकी वाजवायची, कुणी दोन वर्षं तबला शिकून सोडला होता. ही सगळी तिसऱ्या दर्जाच्या वादकांची पलटण! यांच्या जोरावर पहिल्या दर्जाचा वादक उभा राहतो. ही डोकी संपली, आणि नवी तयार करायची म्हटली तर तुम्ही म्हणता 'या वयात?' मग उद्या त्या तिहाईला मान कोण देणार? वाढीव गुण मिळवून पुण्याला गेलेली पोरं?

शेजाऱ्यांचा आक्षेप मी थोडक्यात निकालात काढतो, कारण तो थोडक्याच लायकीचा आहे. रात्री आठ ते सव्वाआठ माझ्या तबल्यानं त्यांना त्रास होतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. हे मला त्यांनीच छापून आणून दिलं. याच गृहस्थांच्या पुतण्याच्या वरातीत ट्रकभर भोंग्यांची भिंत कॉलनीतून गेली तेव्हा आमच्या कपाटातल्या कपबशा त्रितालात वाजत होत्या, आणि हे गृहस्थ डोक्याला फेटा बांधून त्या भिंतीपुढे नाचत होते. वय एकसष्ट. त्यांना कुणी काही विचारलं नाही.

वाद्याला मात्र मी दोष देणार नाही. ते खरोखर हवामानाप्रमाणे वागतं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकला की कातडं आवळतं आणि तबला आपोआप चढतो. काळी एकमध्ये लावून ठेवलेला दुपारी भलतीकडेच बोलतो. श्रावणात तोच ढिला पडतो आणि हातोडीनं गठ्ठे ठोकून वर आणावा लागतो. लावता येणं हे वाजवता येण्याइतकंच कठीण, आणि ते मला अजून पुरतं आलेलं नाही. गजऱ्यावर ठोकताना मी श्वास रोखून धरतो, सौ. देवघरात जाते.

गुरुजी अखेर नमले. रिकरिंग डिपॉझिटचा मुद्दा त्यांना पटला की दर महिन्याची फी वेळेवर येते हा, ते मी विचारलं नाही. मंगळवार आणि शुक्रवार, रात्री साडेआठ, पोरं घरी गेल्यावर. महिनाभर मी एकटा होतो. मग एक रिटायर हेडमास्तर आले. त्यांनी आधी खात्री करून घेतली की इथे परीक्षा नाही. जन्मभर घेतल्या, आता देणार नाही म्हणाले. त्यांच्या मागून बाजारपेठेतले एक किराणा दुकानदार. त्यांच्या डग्ग्याचा 'गे' मात्र पहिल्या दिवसापासून भरलेला, गुळाच्या भेलीवर थाप मारून हात तयार होता. आणि एक जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाई. त्यांना नवव्या वर्षी तबलाच शिकायचा होता. घरच्यांनी सांगितलं, मुली पेटी वाजवतात. त्या फार बोलत नाहीत, पण आमच्या चौघांत स्वच्छ 'ना' पहिल्यांदा त्यांचा वाजला. चौघांची वयं मिळून दोनशे सहा होतात. ताईंनी आमच्यासाठी फॉर्म नवा छापून घेतलाय. 'पालकाची सही' काढली आहे, 'कोणत्या परीक्षेसाठी?' तेवढं राहून गेलंय. हेडमास्तरांनी त्यापुढे लाल शाईनं रेघ मारली.